खोक्यात आधीच काय असते?

विज्ञान दिनाच्या निमित्ताने आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका शाळेत गेलो होतो. मुलांनी मांडलेले प्रयोग पाहून झाले, प्रश्नोत्तरे झाली. चहा घेता घेता मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही संशोधनातले माणसं, संगणकाचं तुम्हाला समजतच असन. आमचे लॅपटॉप पाहता का जी जरा?"

लॅपटॉप चार होते. गावाने लोकवर्गणी करून घेतलेले. एक सुरूच होत नव्हता. दोन इतके संथ झाले होते की बटण दाबून मुलांची हजेरी घ्यावी, तेव्हा कुठे पडदा उजळायचा. पेन ड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसने त्यांतल्या फाइली दिसेनाशा केल्या होत्या. चौथा बरा चालत होता, पण पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात सूचना होती की यातली विंडोजची प्रत अस्सल नाही. आम्ही पावती मागितली. शाळेत कागद फेकला जात नाही. जडसंग्रह नोंदवहीला जोडलेली पावती निघाली आणि कपाटावरची रिकामी खोकीही खाली उतरली. दोन्हींवर स्पष्ट छापले होते: उबंटू लिनक्स.

मुख्याध्यापकांनी उलगडा केला. "दुकानदार म्हणे, याच्यात काहीच चालत नाही, मी विंडोज टाकून देतो. पाचशे रुपये घेतले त्यानं एका मशीनचे."

म्हणजे कारखान्याने यंत्रात कायदेशीर, पूर्ण चालणारी प्रणाली भरून पाठवली होती. ती दुकानातच पुसली गेली, आणि तिच्या जागी चोरीची प्रत आली, तीही पैसे देऊन. शाळेतल्या एकाही माणसाने मूळ प्रणाली एकदाही पाहिलेली नव्हती.

दुकानदाराला दोष देऊन हा प्रश्न संपत नाही. लिनक्स मुळात त्या खोक्यात कशी शिरली? आणि शिरूनही ती मुलांपर्यंत का पोचली नाही? याचा इतिहास तीन-चार दशकांचा आहे, आणि त्यात महाराष्ट्रातल्या काही गावांचा आणि शहरांचाही वाटा आहे.

प्रणाली म्हणजे काय?

संगणकाचे बटण दाबले की प्रक्रियक प्रथम मुख्य पाटीवरच्या एका चिपमध्ये कायमची लिहिलेली छोटी आज्ञावली वाचतो. ही आज्ञावली चकती कुठे आहे ते शोधते आणि तिच्यावरच्या मोठ्या आज्ञावलीचा गाभा स्मृतीत आणून बसवते. मग कारभार त्या गाभ्याच्या हाती जातो. कोणत्या कामाला प्रक्रियकाचा किती वेळ द्यायचा, स्मृतीचा कोणता भाग कोणाला द्यायचा, कळफलकावर दाबलेले अक्षर कुठे पोचवायचे, हे सारे तो ठरवतो. हा गाभा आणि त्याच्याबरोबरची साधने मिळून जी व्यवस्था होते तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही एक कार्यप्रणाली आहे. लिनक्स हे खरे तर एका गाभ्याचे नाव, पण त्यावर उभारलेल्या अनेक कार्यप्रणालींना मिळून तेच नाव रूढ झाले आहे. उबंटू ही त्यांतली एक.

संगणक ही बैलगाडी मानली तर कार्यप्रणाली ही बैलजोडी. गाडी कितीही मजबूत असली तरी जोडीवाचून ती अंगणातच उभी राहते.

ही जोडी गाडीला जुंपायची कोणी? कारखान्यात हे काम एकदाच होते. एका यंत्रावर प्रणाली बसवतात, पडदा, आवाज, बिनतारी जोडणी, कॅमेरा अशा प्रत्येक भागाशी बोलणाऱ्या दुभाषी आज्ञावल्या, म्हणजे ड्रायव्हर, तपासून पाहतात आणि त्या चकतीची हुबेहूब प्रत हजारो यंत्रांवर उतरवतात. हेच काम आपण घरी करायला बसलो आणि बिनतारी जोडणीच्या चिपचा ड्रायव्हर मिळाला नाही, तर दोन दिवस जातात. प्रणाली आधीच बसवून देण्यात सोय आहे, पण त्याहून मोठी गोष्ट आहे ती जबाबदारी. "हे यंत्र या प्रणालीवर चालते, न चालले तर आमच्याकडे या," असे कारखानदार त्यातून सांगत असतो. हे वाक्य पुढे पुन्हा लागेल.

बटण दाबले की समोर काय यायचे?

आज्ञावली यंत्राहून वेगळी विकायची वस्तू आहे, ही कल्पना फार जुनी नाही. मोठ्या संगणकांच्या काळात ती यंत्राच्या भाड्यातच धरलेली असे. १९६९ मध्ये आयबीएम कंपनीने यंत्राची आणि आज्ञावल्यांची किंमत वेगळी आकारण्याचे जाहीर केले, आणि आज्ञावलीचा स्वतंत्र बाजार खऱ्या अर्थाने वाढू लागला.

आपल्या शाळांत संगणक पहिल्यांदा आला तो १९८४ मध्ये, केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून. सुमारे अडीचशे शाळांना 'बीबीसी मायक्रो' ही ब्रिटिश यंत्रे देण्यात आली. या यंत्रात बेसिक ही भाषा चिपमध्येच कोरलेली होती. बटण दाबले की क्षणात पडद्यावर एक खूण यायची आणि यंत्र वाट पाहत राहायचे. चित्रे नाहीत, यादी नाही. तुम्ही काही लिहाल तरच पुढे काही घडेल. यंत्रे थोडी, शिक्षकांचे प्रशिक्षण अपुरे, म्हणून त्या प्रकल्पाच्या मर्यादा पुष्कळ होत्या. पण मुलाला जे पहिले दर्शन घडत होते ते "तू मला काय सांगतोस?" असे विचारणाऱ्या यंत्राचे होते.

पुढे आयबीएमच्या १९८१ च्या वैयक्तिक संगणकासारखी यंत्रे अनेक कंपन्या बनवू लागल्या. त्यांतली कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची होती आणि ती इतर कारखानदारांना विकण्याचा हक्क त्या कंपनीने स्वतःकडे राखला होता. १९९० च्या दशकात विंडोज घरोघरी पोचली. ती वापरायला सोपी होती, यात शंका नाही. पण आता यंत्र आधीच सजवलेले येऊ लागले. आत काय चालले आहे हे पाहण्याची वाट बंद होती, आणि ती आहे याचाही विसर पडला.

मुक्त आणि फुकट

ही वाट बंद होऊ नये म्हणून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने स्वतःच्या यंत्रासाठी एक गाभा लिहिला आणि तो सर्वांना पाहायला खुला केला. पुढच्याच वर्षी त्याने त्याला ग्नूचा परवाना लावला. ग्नूची साधने आणि लिनक्सचा गाभा एकत्र आले आणि एक पूर्ण कार्यप्रणाली उभी राहिली.

या परवान्याचे मर्म यवतमाळच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. घरचे बियाणे असेल तर ते पेरता येते, पुढच्या वर्षासाठी राखता येते, शेजाऱ्याला देता येते, चांगली बोंडे निवडून सुधारता येते. संकरित कापसाचे बियाणे दरवर्षी दुकानातूनच आणावे लागते, कारण राखून ठेवलेल्या सरकीपासून तसेच पीक येत नाही. ग्नूचा परवाना घरच्या बियाण्यासारखा आहे. आज्ञावली वापरा, तिचा मूळ मजकूर वाचा, बदला, वाटा. अट एकच: बदललेली आज्ञावली दुसऱ्याला दिलीत तर तिचा मूळ मजकूर आणि हेच हक्कही त्याला द्या.

इंग्रजीत यासाठी जो शब्द आहे त्याचे 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन्ही अर्थ होतात, त्यामुळे तिकडे हा घोळ सतत निस्तरावा लागतो. मराठीत दोन स्वच्छ शब्द आहेत. मुक्त आज्ञावली विकता येते; तिच्यावर यंत्र उभे करून तेही विकता येते. प्रश्न हा की विकणार कोण?

दुकानाचे दार

त्या काळी मायक्रोसॉफ्ट काही कारखानदारांशी एक विशिष्ट करार करत असे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक प्रक्रियकामागे कंपनीला पैसे द्यायचे. त्या यंत्रात तिची प्रणाली असो वा नसो. बैलगाडीच्या भाषेत सांगायचे तर घरी स्वतःची जोडी असली तरी गाडीबरोबर सावकाराच्या जोडीचे पैसे मोजायचे. अशा करारात दुसरी प्रणाली बसवणाऱ्या कारखानदाराला दुहेरी खर्च पडतो. अमेरिकेच्या न्याय खात्याने याला हरकत घेतली आणि जुलै १९९४ च्या तडजोडीत कंपनीने अशा करारांचा त्याग मान्य केला.

मोठे कारखानदार तरीही थांबून होते. सुरुवात लहानांनी केली. स्टॅनफर्डमध्ये शिकणाऱ्या लॅरी ऑगस्टिन याला युनिक्सवर चालणारे महागडे यंत्र परवडणारे नव्हते. साध्या भागांतून यंत्र जुळवून त्यात लिनक्स घातली तर तेच काम थोड्या पैशांत होते, हे त्याच्या लक्षात आले. १९९३ मध्ये त्याने एका साथीदारासह 'व्हीए रिसर्च' ही कंपनी काढली आणि लिनक्स भरलेली यंत्रे विकायला सुरुवात केली. ९ डिसेंबर १९९९ रोजी, 'व्हीए लिनक्स' या नव्या नावाने, तिचे शेअर बाजारात आले. तीस डॉलरचा शेअर त्याच दिवशी २३९ डॉलरच्या वर जाऊन बंद झाला. पण तोवर मोठ्या कंपन्याही लिनक्सचे सर्व्हर विकू लागल्या होत्या आणि पाठोपाठ बाजार कोसळला. २००१ मध्ये या कंपनीने यंत्रे विकणे सोडून दिले.

सर्व्हरच्या खोलीत लिनक्सने चांगला जम बसवला, पण टेबलावरच्या संगणकात तिला जागा मिळेना. २००७ च्या फेब्रुवारीत डेल कंपनीने ग्राहकांकडून सूचना मागवल्या, तेव्हा 'लिनक्स बसवून द्या' ही मागणी सर्वांत वर आली. २४ मे २००७ रोजी डेलने अमेरिकेत उबंटू बसवलेली तीन यंत्रे विक्रीला ठेवली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तैवानच्या असूस कंपनीचा सात इंची पडद्याचा 'ई-पीसी' हा छोटा लॅपटॉप आला. त्यात चकतीऐवजी चार गिगाबाइटची फ्लॅश स्मृती होती आणि लिनक्स होती. तो हातोहात खपला. त्या सुमारास नव्याने आलेली विंडोज व्हिस्टा एवढ्या लहान यंत्रावर नीट चालणारी नव्हती. हे पाहून मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये जुन्या विंडोज एक्सपीची विक्री अशा स्वस्त यंत्रांसाठी चालू ठेवली. एक-दोन वर्षांत छोट्या लॅपटॉपांचा बाजार बहुतांशी एक्सपीचा झाला.

या काळातली एक गोष्ट बोधप्रद आहे. २००८ मध्ये एमएसआय या कारखानदाराने सांगितले की लिनक्सचे लॅपटॉप ग्राहक जास्त प्रमाणात परत आणतात. २००९ मध्ये डेलने सांगितले की त्यांच्याकडे परत येणाऱ्या यंत्रांत तसा फरक दिसत नाही. प्रणाली एकाच जातीची, मग अनुभव वेगळा का? आमचा तर्क असा की आपण काय घेत आहोत हे ग्राहकाला आधी माहीत असणे आणि मागे कोणीतरी उभे असणे, यानेच हा फरक पडतो.

खैराटची शाळा

याच सुमारास एक वेगळेच यंत्र महाराष्ट्रात आले होते. अमेरिकेत निकोलस नेग्रोपाँटे यांनी 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही योजना मांडली होती. शंभर डॉलरचे यंत्र, जगातल्या गरीब मुलांसाठी. २००६ मध्ये आपल्या केंद्रीय शिक्षण खात्याने या योजनेत सहभागी व्हायला नकार दिला. त्या पैशात शाळा आणि शिक्षक यांची सोय करावी, असे खात्याचे म्हणणे होते. तरीही २००७ च्या अखेरीस रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातल्या खैराट या वाडीच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत, विसेक मुलांच्या हाती ही यंत्रे आली. भारतातला हा त्या योजनेचा पहिला प्रयोग.

या हिरव्या-पांढऱ्या यंत्राचे नाव 'एक्सओ'. ते अगदी थोड्या विजेवर चालायचे आणि त्याचा पडदा भर उन्हातही वाचता यायचा. भारनियमनाच्या त्या वर्षांत ही लहान गोष्ट नव्हती. आत लिनक्स होती आणि तिच्यावर मुलांसाठी बनवलेला 'शुगर' हा चेहरा. यंत्राच्या कळफलकावर एक खास कळ होती. ती दाबली की समोर चाललेल्या आज्ञावलीचा मूळ मजकूर पाहता यावा, अशी रचना केली होती. बीबीसी मायक्रोनंतर वीस-बावीस वर्षांनी शाळेतले यंत्र पुन्हा म्हणत होते, "मी कसा चालतो ते बघ."

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. शंभर डॉलरचे यंत्र प्रत्यक्षात सुमारे एकशे अठ्ठ्याऐंशी डॉलरला पडू लागले. सरकारांकडून अपेक्षिलेल्या प्रचंड मागण्या आल्या नाहीत. २००८ मध्ये याच यंत्रावर विंडोज बसवण्याचा करार झाला, आणि शुगर घडवणारे वॉल्टर बेंडर योजनेतून बाहेर पडले. ज्या देशाने सर्वांत जास्त यंत्रे घेतली त्या पेरूमध्ये २०१२ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. यंत्रे मिळालेल्या ग्रामीण शाळांत गणित आणि भाषा यांच्या गुणांत वाढ आढळली नाही.

म्हणजे कारखान्याने उत्तम मुक्त प्रणाली भरून दिली, कोणी ती पुसलीही नाही, तरी एवढ्याने शिक्षण झाले नाही. यंत्राबरोबर काय आले हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. यंत्रामागे कोण आले हा त्याहून महत्त्वाचा.

पडद्यावरची मराठी

"पण यात मराठी चालते का?" हा शिक्षकांचा नेहमीचा आणि रास्त प्रश्न. त्याचे उत्तर बरेचसे पुण्या-मुंबईत घडले.

एक काळ असा होता की संगणकावर मराठी म्हणजे त्या-त्या कंपनीचा टंक. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी' आणि पुण्यातल्याच सी-डॅकची साधने यांवर मराठी छपाई उभी राहिली. पण प्रत्येक टंकाचे अंतर्गत क्रमांक निराळे. एका यंत्रावर लिहिलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसायचा. हे अनेक वाचकांनी अनुभवले असेल. जगातल्या सर्व लिप्यांना एकच क्रमांकपद्धती देणाऱ्या युनिकोडने यावर इलाज केला. तरी देवनागरीचे काम केवळ क्रमांकांनी भागत नाही. 'कि' मधली वेलांटी उच्चारात नंतर आणि लेखनात आधी येते; 'र' कधी रफार होतो, कधी 'वाऱ्या'तला अर्धा र. हे सारे प्रणालीला शिकवावे लागते.

मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेने 'इंडिक्स' या नावाने लिनक्समध्ये भारतीय लिप्या बसवण्याचे काम केले. ही संस्था २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले भारतीय भाषांचे 'लोहित' टंक रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याने सर्वांना दिले. लोहित म्हणजे लाल. कंपनीच्या नावावरून ठेवलेले नाव. ज्या पुण्यात बंद टंक घडले तिथेच हे खुले टंकही घडले. प्रणालीतल्या सूचनांचे मराठी भाषांतर मात्र बव्हंशी हौशी लोकांनी आणि काही नोकरदारांनी ओळ-ओळ करून केले. सी-डॅकनेही २००७ मध्ये भारतीय भाषांसह 'बॉस' ही लिनक्स प्रणाली काढली.

आमच्या त्या चार लॅपटॉपांतून जी पुसली गेली तिच्यात हे सारे श्रम होते.

स्वस्त यंत्र आणि केरळचा धडा

भारतात लिनक्स भरलेली यंत्रे दुकानात ठळकपणे आली ती किमतीमुळे. २००५ मध्ये एचसीएलने दहा हजार रुपयांच्या आतला संगणक बाजारात आणला, त्यात लिनक्स होती. पुढे इतर कंपन्यांचेही लिनक्सचे लॅपटॉप येऊ लागले. परवान्याचे पैसे वाचत असल्याने ते विंडोजच्या यंत्राहून स्वस्त पडायचे. इथेच खरी गोम आहे. ज्याला स्वस्त यंत्र हवे तो ते घ्यायचा, आणि विंडोजची चोरीची प्रत गल्लीतल्या दुकानात नाममात्र पैशात मिळायची. आज्ञावली विकणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेच्या अंदाजानुसार २०११ साली भारतात वैयक्तिक संगणकांवर बसवलेल्या आज्ञावल्यांपैकी सुमारे ६३ टक्के विनापरवाना होत्या. हा अंदाज त्यांच्या स्वतःच्या हिताचा आहे हे लक्षात ठेवले तरी चित्र कळते. चोरीच्या प्रतीने मायक्रोसॉफ्टचे पैसे बुडाले असतील, पण तिने जागा अडवली ती लिनक्सची. फुकट मिळत असलेल्या बंद प्रणालीपुढे मुक्त प्रणालीचा स्वस्तपणा निष्प्रभ ठरला, आणि तिच्या मुक्तपणाविषयी ग्राहकाशी कोणी बोललेच नव्हते.

महाराष्ट्रात या सवयीला परीक्षेची जोड मिळाली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००२ पासून तालुक्या-तालुक्यांत पोचला. असंख्य तरुणांनी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो तिथेच, हे त्याचे मोठे काम. पण त्यात शिकवले जायचे ते मुख्यतः विंडोज आणि ऑफिस. संगणक शिकणे म्हणजे विंडोज शिकणे, हे समीकरण पक्के झाले.

केरळात दुसरे घडले. तिथे २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' हा शासकीय प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीचा अभ्यासक्रम एकाच कंपनीच्या आज्ञावल्यांना बांधलेला आहे, असा आक्षेप तिथल्या शिक्षक संघटनेनेच घेतला. काही वर्षांत राज्याच्या शाळांनी लिनक्सचा मार्ग धरला. शाळांसाठी खास प्रत तयार केली, शिक्षकांना तिचे प्रशिक्षण दिले, पाठ्यपुस्तके तिच्यावर बेतली आणि दहावीची परीक्षाही तिच्यावरच घेतली. यंत्रे पुरवणाऱ्याला ती प्रणाली चालेल अशीच यंत्रे द्यावी लागली. तमिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटले. त्यांत काही वर्षे विंडोज आणि बॉस लिनक्स या दोन्ही होत्या. पण केरळात प्रणालीमागे शिक्षक, पुस्तक आणि परीक्षा असे तिघे उभे होते. "न चालले तर आमच्याकडे या," हे कारखानदाराचे वाक्य तिथे शिक्षकांनीच एकमेकांना म्हटले.

गंमत अशी की आज लिनक्सचा गाभा भरलेले यंत्र जवळजवळ प्रत्येक घरात आहे. २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन विकला गेला, आणि अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सच आहे. पण त्या फोनवर 'एक्सओ'सारखी ती कळ नाही. बियाणे घरचेच, फक्त कोठाराला दुसऱ्याचे कुलूप.

पुन्हा घाटंजीकडे

पुढच्या खेपेला आम्ही पेन ड्राइव्हवर उबंटू घेऊन गेलो. आठवीचा वर्ग भोवती बसवून, मुख्याध्यापकांच्या परवानगीने, ते दोन संथ लॅपटॉप पुसले आणि मुलांनीच वाचत-वाचत प्रणाली बसवली. भाषा निवडण्याच्या यादीत 'मराठी' दिसताच मागच्या रांगेतली मुले उठून पुढे आली. एका यंत्रावर सारे पहिल्या फटक्यात चालले. दुसऱ्यावर बिनतारी जोडणी चालेना. फोन तारेने जोडून ड्रायव्हर उतरवावा लागला आणि तास गेला. कारखान्यात आधीच बसवून देण्याचे मोल काय, हे मुलांना त्या तासात आमच्या कोणत्याही भाषणापेक्षा चांगले कळले.

मुख्याध्यापकांनी शेवटी विचारलेच. "हे सगळं ठीक आहे जी, पण पोरायला पुढं परीक्षा त्या विंडोजवरच द्या लागते ना?"

या प्रश्नाला आमच्याकडे खोडून काढणारे उत्तर नाही. म्हणून सुरू होत असलेला चौथा लॅपटॉप आम्ही तसाच ठेवला, मात्र त्यासाठी परवाना घ्यावा असे सुचवले. दोन्ही प्रणाली पाहिलेल्या मुलाला एक गोष्ट कळते: पडद्यावर जे दिसते ते यंत्राचे अंग नाही, कोणीतरी केलेली निवड आहे. दोन्हींवर पत्र लिहिता येते, तक्ता करता येतो. मात्र एकीची पाने उलटून पाहता येतात, दुसरीची येत नाहीत.

हा प्रश्न आता पुन्हा शाळांच्या दारात येणार आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. त्यानंतरची आवृत्ती अनेक जुन्या यंत्रांवर कंपनीच्या नियमांप्रमाणे बसत नाही. शाळांतली अशी यंत्रे भंगारात निघतील, की मुलांच्या हातून त्यांत दुसरी जोडी जुंपली जाईल?

वाचक शिक्षकांना एक छोटे काम सुचवतो. शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीला जोडलेल्या पावत्या काढा आणि प्रत्येक यंत्र कोणती प्रणाली घेऊन आले होते ते पाहा. मग यंत्रे सुरू करून आज आत काय आहे ते पाहा. दोन रकाने आखून विद्यार्थ्यांकडूनच तक्ता भरून घ्या. फरक दिसला तर तो कधी पडला, कोणी पाडला आणि का, हे त्यांना शोधू द्या. नवे यंत्र घेताना मात्र ते दुकानात कोणाला पुसू देण्याआधी, जसे आले तसे, एकदा तरी वर्गात सुरू करा.

घाटंजीच्या त्या शाळेच्या नोंदवहीत मुख्याध्यापकांनी दोन लॅपटॉपांसमोर शेऱ्याच्या रकान्यात लिहिले आहे: "प्रणाली: उबंटू लिनक्स. इयत्ता आठवीने बसवली." तिसरा अजून बंदच आहे. त्याच्यासाठी चकती शोधणे चालू आहे.